वासाची वाट

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तू एकेचाळीस वर्षांचा झालास, शिवणाचं दुकान चालवतोस, दोन कारागिरांना ओरडतोस, तरी मी बारक्याच म्हणणार. तक्रार असेल तर आईकडे कर. नाव तिनेच ठेवलंय.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. फोनवर तिला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ती आपल्या मनाने भरते. मागच्या वेळी मी 'टाकी सुरू होतेय' म्हटलं, तर तिने खालच्या बाईंना सांगितलं की माझ्या घरात पाण्याची टाकी गळतेय.

तर आई, ऐक. टाकी म्हणजे माणसाहून उंच असं पोलादी भांडं. त्यात साखरेचं पाणी, आणि त्या पाण्यात तुझ्या दह्यातला जिवाणू. आठ वर्षांपूर्वी क्रीमच्या रिकाम्या डबीत तू मला विरजण भरून दिलं होतंस, तिकडे कुणाकडे मागत बसशील म्हणून. त्यातलं थोडं मी खाल्लं, थोड्यातून याला वेगळा काढला आणि उरलेलं जपून गोठवून ठेवलं. हा साखर खातो आणि तिचं आम्ल करतो, ज्याने दही आंबट होतं तेच आम्ल. पण आहे मोठा उधळ्या. साखर पोटात गेली की तिला चार वाटा फुटतात. एका वाटेने आपल्याला हवं ते आम्ल, दुसरीने व्हिनेगरसारखं काहीतरी, तिसरीने चिमूटभर दारू, आणि चौथीने वास. तुझ्या दह्याला लोण्यासारखा वास येतो ना, तो. माझं आठ वर्षांचं काम एवढंच, की त्याच्या जनुकांत शिरून एकेक वाट बंद करायची, म्हणजे सगळी साखर एकाच वाटेने जाईल. वासाची वाट सगळ्यात आधी बंद केली, ती सोपी होती. शेवटची गेल्या महिन्यात बंद झाली. पूर्वी स्वतःच्याच आम्लात गुदमरून मरायचा, आता तेही सोसायला शिकलाय.

बाबांना सांग, या आम्लापासून दोरा करतात. डॉक्टर टाके घालतात तो, आपोआप विरघळणारा. बाबांनी जन्मभर न उसवणारी शिवण दिली आणि मुलगी असला दोरा करते म्हणून हसतील. हसू देत.

आता मुद्द्याचं. टाकी आठ तारखेला सुरू होतेय. एकदा सुरू केली की एकवीस दिवस सोडून हलता येत नाही. आईचं ऑपरेशन अठराला. बारक्या म्हणाला की छोटंच आहे. तेव्हा आई, टाकीचं काम संपून ती उतरली की एक मार्चला निघते आणि चांगली पंधरा दिवस राहते. तुझ्या हातचं दही खायला.

तुमची,
ताई


१९ फेब्रुवारी

ताईस,

साष्टांग नको, नुसता नमस्कार घे. कंबर दुखतेय, दवाखान्यातल्या बाकावर दोन दिवस काढलेत.

ऑपरेशन काल झालं. आई शुद्धीवर आहे, बोलते आहे, मला शर्टाची कॉलर नीट करायला सांगते आहे. तुझं पत्र तिला दोनदा वाचून दाखवलं. ती आता परिचारिकांना सांगते, 'माझं दही मोठ्या कंपनीत नोकरीला लागलंय.' एकीला खरंच वाटलं.

बाबांनी काल काय केलं माहितेय? डॉक्टर बाहेर गेल्यावर चादर बाजूला करून टाके तपासले. चष्मा लावून, वाकून. म्हणाले, 'अंतर सारखं आहे, पण गाठ मोठी घातलीय.' मी त्यांना तुझ्या दोऱ्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, तो विरघळायच्या आत जखम मिटली नाही तर काय करायचं? डॉक्टरांनी सांगितलं की सहा आठवडे लागतात, तोवर मिटते. त्यावर बाबांचं समाधान झालं. मग मला हळूच विचारलं, ऑपरेशन कुणाचं होतं. हे असं मधूनमधून होतंय हल्ली, तुला फोनवर कळत नसेल.

आई म्हणते, तिला बोलावू नका. टाकी मध्येच सोडून आली तर आठ वर्षं पाण्यात जातील. तिने मला हे तीनदा बजावलंय. मी आपला माझ्याकडून लिहितो, जमलं तर ये.

डॉक्टर म्हणतात, बघू. दुकानाला कालपासून कुलूप आहे. घरी दही लावायचं राहिलं होतं ते आठवून आईने मला ओरडून घेतलं, म्हणजे बरी आहे म्हणायची.

बारक्या


२४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. आई ओरडली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिने ओरडणं सोडलं असतं तर मी घाबरले असते.

टाकीचा सोळावा दिवस आहे. बारक्या, माझा अंदाज चुकला, अंदाजापेक्षा जास्त होतंय! शंभर भाग साखर घातली तर पंच्याण्णव भाग आम्ल मिळतंय. आणि नितळ. दर चार तासांनी नमुना काढते आणि हुंगते. जुनी सवय. कशाचाच वास येत नाही. आमच्या प्रमुखांनी आज माझ्याशी हस्तांदोलन केलं. ते लिफ्टमध्येही मान हलवत नाहीत.

आज शीतगृहाची वार्षिक सफाईही नेमकी मध्ये आली. काय ठेवायचं, काय टाकायचं, याच्या याद्यांचा गठ्ठा घेऊन नवी तंत्रज्ञ समोर उभी. एका हातात तुझं पत्र, दुसऱ्या हाताने उभ्या-उभ्या सह्या ठोकल्या. कामाला फार चोख मुलगी आहे. दोन तासांत सगळे कप्पे लख्ख.

तू 'जमलं तर ये' असं लिहिलंस. पाच दिवस राहिलेत फक्त. आईही तेच म्हणतेय. एक तारखेला सकाळी टाकी उतरवते आणि तशीच स्टेशनवर जाते. दोन दिवसांचा प्रवास, तीनला पोचते. तिला सांग, वाटी तयार ठेव.

ताई


२ एप्रिल

ताई,

तू परत गेलीस त्याला महिना होत आला. तू राहिलीस ते चार दिवस माणसांत गेले, आपल्याला बोलता आलं नाही. फोनवर बोलता येत नाही, बाबा शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहितो.

ऑपरेशनच्या दहाव्या दिवशी गेली आई. टाके अजून जसेच्या तसे होते. हे मी कुणालाच बोललो नाही, पण सारखं तेच मनात येतं, की तिच्या अंगावरचा दोरासुद्धा विरघळला नव्हता.

बाबांच्या ते लक्षात राहत नाही, ताई. तू होतीस तेव्हा ते गप्प होते, आपल्याला वाटलं दुःखाने. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला विचारलं, 'ही कुठे गेली?' मी खरं सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तसेच खाली बसले. पाचव्या दिवशी माझ्याने होईना. मी म्हटलं, ताईकडे गेलीय, येईल. त्यांनी मान हलवली आणि पेपर वाचायला घेतला. तेव्हापासून हेच चाललंय. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

आता ज्यासाठी लिहितोय ते. बाबा जेवत नाहीत. तुला माहीत आहे, त्यांचा शेवटचा घास दह्याचा. दही नसेल तर त्यांच्या लेखी जेवण झालेलंच नसतं. आई दवाखान्यात असताना विरजणाची वाटी फ्रिजमध्ये मागे सरकली होती. नंतर मी पाहिली तर वर गुलाबी बुरशी. मी टाकून दिलं. वाटीसुद्धा घासून ठेवली. चाळीस-बेचाळीस वर्षं रोज चालत आलेलं, आणि मी नळाखाली वाहून टाकलं. तेव्हा काही वाटलं नाही, स्वयंपाकघर आवरत होतो.

लोक म्हणतात, आनंदावर विरजण पडलं. आपल्या घरात विरजण पडायचं थांबलं आणि आनंद गेला.

बाजारचं दही आणलं, खालच्या बाईंचं आणलं. बाबा वाटी नाकाशी नेतात आणि परत ठेवतात. म्हणतात, ती आल्यावर खाईन. मग ताटही सरकवतात.

तुझ्याकडे आहे ना? क्रीमच्या डबीतलं तू गोठवून ठेवलंय असं लिहिलं होतंस. थोडं पाठव. बोटाच्या पेराएवढं पुरेल, आई तेवढ्यातच लावायची.

बारक्या


९ एप्रिल

प्रिय बारक्या,

बाबांना खोटं सांगितलंस म्हणून मी तुला काय म्हणू? मी असते तर पहिल्याच दिवशी खोटं सांगितलं असतं.

विरजण आहे. पाठवते. मात्र वेळ लागेल, तसंच पाकिटात घालून पाठवता येत नाही. आधी ते जागं करावं लागतं, मग वाळवावं लागतं, परवानग्या असतात. तोवर बाबांना दूध पाजत जा, त्यात अंडं फेटून घाल. पेज घेतात का बघ.

जास्त लिहीत नाही, काम पडलंय.

ताई


१९ एप्रिल

ताई,

तुझं एवढं छोटं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. रागावलीस का? टाकीचं काय झालं तेही लिहिलं नाहीस.

बाबांच्या पॅन्टची कंबर मी दुसऱ्यांदा आत घेतली. पहिल्यांदा दीड इंच, आता आणखी एक. मागची शिवण उसवली तर आत त्यांच्याच हातचा जुना दोरा निघाला, दुहेरी, मेण लावलेला. तुटता तुटेना, ब्लेडने कापावा लागला. बाबा समोर बसून बघत होते. म्हणाले, 'कापड जास्त झालंय रे.' कापड तेवढंच आहे, हे त्यांना कसं सांगू?

आणि आता ते चिडायला लागलेत. पूर्वी नुसतं विचारायचे, आता भांडतात. इतके दिवस कुणी मुलीकडे राहतं का? जाताना मला सांगितलंसुद्धा नाही. एक पत्र टाकायला काय झालं? काल त्यांनी आईची साडी कपाटातून काढून खुर्चीवर फेकली आणि म्हणाले, राहू दे तिला तिकडेच. आयुष्यात तिच्यावर आवाज न चढवलेला माणूस, ताई. मी साडी घडी करून ठेवली. दुपारी त्यांनी पुन्हा काढली.

दुधात अंडं चालत नाही. पेज दोन चमचे. डॉक्टर म्हणतात, वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळी घालावी लागेल. लवकर पाठव. परवानग्यांचं मला कळत नाही, पण बाबांना तेवढे दिवस नाहीत असं मला वाटतं.

बारक्या


३ मे

प्रिय बारक्या,

सोबत छोटी बाटली आहे. पांढरी पूड दिसेल. अर्धा लिटर दूध उकळून कोमट कर, करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत टिकली पाहिजे, आई करायची तसं. पूड घाल, एकदाच ढवळ, झाकून गरम जागी ठेव. इस्त्रीच्या टेबलाखाली आई ठेवायची तिथेच ठेव. पहिल्यांदा पातळ होईल. त्यातलं चमचाभर घेऊन दुसऱ्यांदा लाव, मग बसेल.

इतकी वर्षं गोठलेलं होतं, त्यामुळे चवीत थोडा फरक वाटेल. सौम्य लागेल. पण हेच ते.

बाबांनी खाल्लं की लगेच कळव.

ताई


१२ मे

ताई,

बाटली मिळाली. तू सांगितलंस तसंच लावलं. दुसऱ्यांदा छान बसलं, वाटी उलटी केली तरी हललं नाही.

बाबांनी खाल्लं. अख्खी वाटी, चाटूनपुसून. हुंगलं आणि म्हणाले, हेच ते. त्यानंतर रोज जेवतात. वजन थांबलंय. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलेलं नाही.

तुझे उपकार कसे फेडू ते सांग. एखादा कोट शिवून पाठवू का? माप आहे माझ्याकडे, फक्त पोट वाढलं असेल तर कळव.

बारक्या


१६ मे

बारक्या,

उपकार म्हणू नकोस रे. तुझं पत्र आल्यापासून मी कामावर गेलेले नाही.

ते आईचं विरजण नव्हतं.

आईचं विरजण माझ्याकडे नाही. तुझं मागणीचं पत्र आलं त्याच दिवशी मी शीतगृहात गेले. माझ्या कप्प्यात डबी नव्हती. सफाईच्या याद्या मागवल्या. आमच्याकडे प्रत्येक नमुन्याला नंबर असतो, हजारो डब्या आहेत, सगळ्यांवर नंबर. त्या एका डबीला मी नंबर दिला नव्हता. तिच्यावर नंबर टाकवेना मला. पेनने लिहिलं होतं, 'आईचं'. त्या मुलीला वाटलं, कुणीतरी घरचं खाणं ठेवलंय. शीतगृहात खाणं ठेवायला सक्त मनाई आहे. यादीत तिने सरळ लिहिलंय: 'आईचं, बहुधा कुणाचा तरी डबा, टाकून द्यावा का?' आणि पुढे माझी सही. चोवीस फेब्रुवारी. तुझं 'जमलं तर ये' माझ्या दुसऱ्या हातात होतं. मी दोन्ही कागद धड वाचले नाहीत.

तू शिंपी आहेस, तू विचारशील, जे उसवलं ते पुन्हा शिवता येत नाही का. माझ्याकडे तिच्या दह्यातला तो एकटा जिवाणू आहे, पण त्याला मी आठ वर्षं कापत आलेय. तो कायद्याने प्रयोगशाळेच्या इमारतीबाहेर नेता येत नाही. आणि नेला तरी काय करील? नुसतं आम्ल. त्याची वासाची वाट परत उघडता येईलही, पण आईच्या वाटीत तो एकटा नव्हता रे, अख्खं बिऱ्हाड होतं. मी त्यातला एक कामाचा म्हणून उचलला. बाकीचे त्या डबीत होते. आमच्या अहवालांत त्या वासाला 'अपव्यय' म्हणतात. मीच लिहिलाय तो शब्द, शंभर वेळा तरी.

शेजारच्या इमारतीत दुधावर काम करणारी मंडळी आहेत. त्यांच्याकडून खाण्याजोगी विरजणं मागून आणली. एक आंबटपणासाठी, एक वासासाठी. महिनाभर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून माझ्या स्वयंपाकघरात वाट्या लावल्या. एकेचाळीस झाल्या. रोज डोळे मिटून चाखायची. एखादीत क्षणभर काहीतरी यायचं आणि जायचं. बत्तिसावी त्यातल्या त्यात जवळची होती. तीच पाठवली आणि 'हेच ते' असं लिहिलं.

आणि बाबांनी ओळखलं, असं तू लिहिलंस. मला आधी बरं वाटलं. नंतर वाटलं, बाबा तिची चवही विसरले आणि मी त्याचा फायदा घेतला.

टाकी एक मार्चला उतरली. उत्पादन आजवरचं सगळ्यात चांगलं. एक दिवस आधी आई गेली होती. मी टाकी उतरवली आणि मग निघाले, हे तुला माहीत आहे. सगळे म्हणाले, आता घाई करून काय उपयोग. मीही तसंच म्हटलं. ते मी का म्हटलं, हे मला अजून कळत नाही.

मी त्या वासावरचं काम सोडलेलं नाही. सुट्टी काढलीय. आणखी एक विरजण मिळणार आहे, ते मिसळून बघते. जून अखेर नवं पाठवीन, ते खूप जवळचं असेल. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

ताई


२४ मे

ताई,

पत्र तीनदा वाचलं. रडून झालं, मग लिहायला बसलो. आता माझंही ऐक.

बाबांनी ओळखलं नाही असं नाही. पहिल्याच चमच्याला ओळखलं. वाटी नाकाशी नेली, एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला, टाचण्या तोंडात धरून विचार करायचे ना, तसा. मग चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, 'हे तिने लावलेलं नाही.'

मी म्हटलं, ताईने पाठवलंय.

ते म्हणाले, 'ती ताईकडे असती, तर तिनेच लावून दिलं असतं.' आणि माझ्याकडे बघून विचारलं, 'ती गेली, नाही का रे?'

मी सुईत दोरा ओवत होतो. तो काही जाईना. मी हो म्हटलं. या वेळी ते खाली बसले नाहीत. जागेवरच रडले, आवाज न करता, आणि रडत रडत सगळी वाटी संपवली. पोरीने एवढ्या लांबून पाठवलंय म्हणाले. मग ताटही संपवलं. म्हणून मी तुला लिहिलं की चाटूनपुसून खाल्लं. तेवढं खरं होतं. बाकीचं मी रचलं. तू एवढी धडपड केली असशील, असं वाटलं.

तासाभराने ते विसरले. संध्याकाळी पुन्हा तिच्यावर चिडले, साडी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटी समोर आली, पुन्हा पहिला चमचा, पुन्हा तेच. रोज हेच चाललंय, ताई. रोज दुपारी त्यांना नव्याने कळतं. मला बघवत नाही. परवा मी दही वाढलंच नाही. तर जेवले नाहीत, आणि दिवसभर दारात उभं राहून जिन्याकडे बघत होते. आता तूच सांग, वाढू की नको.

आणि दुसरं. तुझी सही तुला टोचते, तर हेही वाच. अठरा फेब्रुवारीला संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, आत पसरलंय, काही करता आलं नाही, परत शिवून टाकलं, मुलीला बोलावून घ्या. आईला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती समजली होती. तिने माझ्याकडून शब्द घेतला की टाकी उतरेपर्यंत तुला कळवायचं नाही. तिला वाटत होतं, एक तारखेपर्यंत काढेन. मलाही वाटलं. म्हणून मी 'जमलं तर ये' असं लिहिलं. मला नुसतं 'ये' लिहायला हवं होतं. एवढंच लिहायचं होतं, आणि मी त्याआधी दोन शब्द जोडले.

तू मला माफ कर किंवा करू नको, पण तुझ्या यादीवरच्या सहीसाठी स्वतःला खात बसू नकोस. मी वाटी घासली, तू सही केलीस. दोघांनी मिळूनच टाकलं ते.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबांनी विचारलं, कुणाचं. दुपारची वेळ होती, वाटी पुढ्यात होती. लपवायचा मला कंटाळा आला होता. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, एकेचाळीस वाट्यांसकट. त्यांनी नीट ऐकलं. मग माझी पेन्सिल मागितली. त्यांनी जे लिहिलं ते सोबत घातलंय. कागद दुकानातल्या मापवहीचा आहे, त्यांना तोच बरा वाटला.

बारक्या


चि. मुलीस आशीर्वाद.

वाटी समोर आहे तोवर लिहून टाकतो. धाकटा म्हणतो, तासाभराने मी विसरतो. मला ते आठवत नाही, पण तो खोटं कशाला बोलेल.

तुझं दही चांगलं लागलंय. घट्ट आहे, आंबट बेताचं आहे. वासात कमी आहे. तुझ्या आईच्या दह्याला जो वास होता तो यात नाही, हे मला पहिल्या चमच्याला कळतं. ती गेली हेही तेव्हाच कळतं.

धाकटा विचारतो, दही बंद करू का. मी त्याला नको म्हणून सांगितलंय. वहीतही लिहून ठेवायला लावलंय, म्हणजे उद्या मी काही वेगळं बोललो तर त्याने ऐकू नये. तो सांगतो की मी बाकीचा दिवस तिच्यावर चिडलेला असतो, ती मला न सांगता गेली म्हणून. चव्वेचाळीस वर्षांत मी तिच्यावर चिडलो नाही. ती गेल्यावर रोज चिडतो, हे बरं नाही. वाटी आली की राग जातो आणि मला तिच्यासाठी रडता येतं. तासभर का होईना. तिच्यासाठी माणसाने रडायला हवं, ती तशी होती.

तू एकेचाळीस वाट्या लावल्यास म्हणे. त्या वासासाठी आणखी झटतेस असंही धाकट्याने वाचलं. ते सोड. कामावर जा. दोरा चांगला कर, गाठ लहान बसेल असा.

आणि नवं विरजण पाठवू नकोस. हे आहे तेच राहू दे, कमी वासाचं. अगदी तिच्यासारखं झालं, तर मला ती घरातच आहे असं वाटेल, आणि मी पुन्हा तिची वाट बघत बसेन.

तुझे बाबा